मायकार्टा आणि जी-१०ची मूठ: घासायची किती, चमकवायची किती

सुरीची कॅनव्हास मायकार्टाची मूठ २००० नंबरच्या, म्हणजे अतिशय बारीक दाण्याच्या पॉलिश पेपरपर्यंत घासून बफवर (पॉलिशच्या फिरत्या कापडी चाकावर) आरशासारखी केली, तरी चारदोन वेळा पाण्याखालून गेली की चकाकी उतरते. बोट फिरवलं तर बारीक लव हाताला लागते. त्याच क्रमाने, तितकीच मेहनत घेऊन केलेली काळ्या जी-१०ची मूठ पाण्याला दाद देत नाही; पण तिरप्या उजेडात धरली की तिच्यावर राखाडी धुकं दिसतं. पेपर तोच, हात तेच, निकाल मात्र दोन तऱ्हेचे. कारण सुरीच्या मुठीला लावतात त्या या पट्ट्या एका पदार्थाच्या नसतातच. त्यांच्यात धागा वेगळा आणि राळ वेगळी, आणि पेपर दोघांनाही सारख्या वेगाने खात नाही. घासकामातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच सापडतं.

धागा आणि राळ

कापडाचे किंवा कागदाचे ताव राळेत, म्हणजे रेझिनमध्ये बुडवायचे, एकावर एक रचायचे आणि तापवून प्रचंड दाबाखाली एकजीव करायचे. ही कृती ओळखीची वाटत असेल तर त्याचं कारण सनमायका. टेबलावरचा तो पत्राही याच कुळातला: खाली फिनॉलिक राळेत भिजवलेले कागदाचे थर आणि वर नक्षीचा थर. मायकार्टा हे मूळचं वेस्टिंगहाउस कंपनीचं नाव. १९०७ साली लिओ बेकलँड यांनी फिनॉलिक राळ, म्हणजे बेकेलाइट तयार केलं आणि त्यानंतर काही वर्षांतच वीजरोधक म्हणून हे पत्रे बनू लागले. सुरीच्या मुठीपर्यंत ते फार नंतर पोचले. आज मायकार्टा म्हटलं की सुती कॅनव्हास, लिननचं किंवा सुती तलम कापड, नाहीतर कागद, आणि सोबत फिनॉलिक राळ, असंच बहुतेकांना अभिप्रेत असतं.

जी-१०मध्ये कापड काचतंतूंचं आणि राळ इपॉक्सी. इलेक्ट्रॉनिक उपकरण उघडल्यावर दिसणारा हिरवा सर्किट बोर्ड त्याचाच सख्खा भाऊ. त्यात आग रोखणारी द्रव्यं घातलेली असतात आणि त्याला एफआर-४ म्हणतात. कार्बन फायबरमध्ये काचेच्या जागी कार्बनचे तंतू, राळ बहुधा इपॉक्सीच.

आता यांच्यावर पेपर फिरवला तर काय होतं ते पाहू. सुती धागा राळेपेक्षा मऊ आणि चिवट. तो सरळ कापला जात नाही, पिंजतो. पेपरचा दाणा त्याला ओढतो, वाकवतो आणि मागे लव सोडतो. बफने ती लव खाली बसते, वर मेणाचा थर चढतो आणि सगळं गुळगुळीत वाटतं. पाणी लागलं की धागा फुगतो आणि लव पुन्हा उभी राहते. काचतंतूचं उलट. काच राळेपेक्षा कठीण आणि ठिसूळ. ती पिंजत नाही, तुटते. राळ आधी झिजते आणि काचेची तुटकी टोकं वर राहतात. प्रत्येक टोक उजेड विखुरतं म्हणून काळा पत्रा राखाडी दिसतो. रंग उडालेला नसतो, पृष्ठभाग खडबडीत असतो इतकंच.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. फिनॉलिक काय किंवा इपॉक्सी काय, या राळा एकदा घट्ट झाल्या की पुन्हा वितळत नाहीत. ॲक्रिलिकच्या पट्टीवर बफ जोरात दाबला तर पृष्ठभाग किंचित वितळून चरे झाकले जातात. कधी कधी नको तितकी वितळून गोंदासारखी ओघळते, तो भाग वेगळा. मायकार्टात किंवा जी-१०मध्ये ही सोय नाही. उष्णतेने इथे फक्त करपतं. चरा घालवायचा म्हणजे त्याच्या तळापर्यंतचा माल काढून टाकायचा, दुसरा मार्ग नाही.

धूळ

हा भाग टाळून पुढे जाण्याची फार इच्छा होते, पण जी-१०च्या बाबतीत ती महागात पडते. घासताना काचतंतूंचे बारीक तुकडे आणि इपॉक्सीची भुकटी उडते. त्वचेवर बसली की तासन् तास खाज सुटते, डोळ्यांत गेली की चुरचुरते, आणि सगळ्यात बारीक कण थेट फुप्फुसात उतरतात. मायकार्टाची धूळ चावत नाही म्हणून ती निरुपद्रवी समजली जाते, तसं नाही. फिनॉलिक राळेची भुकटीही श्वासात जाऊ नये. तापल्यावर येणारा तो तिखट, औषधी वास म्हणजे माल करपू लागल्याची खूण.

साधा कापडी रुमाल किंवा ढगळ सर्जिकल मास्क इथे कामाचा नाही. किमान एन-९५, आणि नेहमीचं काम असेल तर पी-१०० फिल्टरचा, रबरी कडेचा अर्धा मास्क घ्यावा. दाढी असेल तर तो चेहऱ्याला नीट चिकटत नाही आणि धूळ कडेने आत शिरते. बाजूने बंद असलेला चष्मा, पूर्ण बाह्या. बेल्ट ग्राइंडरच्या (घासपट्टा फिरवणाऱ्या यंत्राच्या) किंवा बफच्या जवळ मात्र हातमोजे घालू नयेत. फिरत्या यंत्राने मोजा पकडला तर मागोमाग हात जातो. मोजे हाताने घासताना घाला.

धूळ जिथे उडते तिथेच ओढून घ्यावी. व्हॅक्यूमचं तोंड बेल्टच्या खाली, एक-दोन वितींवर असू द्या. व्हॅक्यूमला बारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर हवा. ज्या नळीतून पोलादाच्या ठिणग्या जातात तिच्यातून ही भुकटी नेऊ नका. पिशवीत साठलेली बारीक सेंद्रिय धूळ आणि तीत पडलेली ठिणगी, आग लागायला एवढं पुरे. काम संपल्यावर टेबल कॉम्प्रेसरच्या हवेने झटकू नये. बसलेली धूळ पुन्हा नाकाच्या उंचीवर येते. ओल्या फडक्याने पुसावं. जी-१० अंगावर बसलं असेल तर चोळायच्या आधी थंड पाण्याने धुवावं, चोळलं की काचेचे तुकडे कातडीत आणखी घुसतात.

कार्बन फायबरची भुकटी वीजवाहक असते. मोटरमध्ये, स्विचमध्ये किंवा शेजारच्या संगणकात शिरली तर शॉर्ट सर्किट होऊ शकतं. ते शक्यतो ओलंच घासावं.

पट्ट्या चिकटवण्याआधीचं काम

दोन्ही पट्ट्यांच्या पात्याकडच्या कडा चिकटवण्याआधी पूर्ण करायच्या असतात. अगदी शेवटच्या नंबरपर्यंत, पॉलिशसकट. पट्ट्या बसल्यावर त्या कडेशी पेपर नेला की पात्यावर ओरखडा उठतोच. दोन्ही पट्ट्या पिनांवर, म्हणजे मुठीतून आरपार जाणाऱ्या धातूच्या खिळ्यांवर, तात्पुरत्या एकत्र बसवून ही कड एकदमच घासली तर दोन्हीकडचा उतार आणि गोलाई तंतोतंत जुळते.

आतली बाजू मात्र चमकवायची नाही. सपाट काचेवर किंवा लादीवर ८० ते १२० नंबरचा पेपर चिकटवून त्यावर आतली बाजू घासा, म्हणजे ती सपाट होते आणि इपॉक्सीला धरायला चरे मिळतात. मग स्पिरिटने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बोटांचं तेल इपॉक्सीचं वैरी.

पातं टोकापासून पट्टीपर्यंत जाड कागदात गुंडाळून त्यावर चिकटपट्टी लावावी. धार या वेळेपर्यंत लावलेलीच नसावी. ती सगळ्यात शेवटी.

आकार देताना

बेल्टवर सुरुवात ५० किंवा ६० नंबरने करतात, नंतर १२०. तिथे यंत्राला थांबवणं बरं. अंतिम मापाच्या वर अर्धा मिलिमीटर माल हातकामासाठी राखून ठेवावा. ६० नंबरच्या बेल्टने खोल चर पडतात. नेमक्या मापावर येऊन थांबलात तर ते चर काढता काढता मूठ बारीक होते किंवा पट्टीची कड टँगच्या, म्हणजे पात्याच्या मुठीत जाणाऱ्या भागाच्या, खाली जाते.

बेल्टचा वेग कमी ठेवा. पोलादासाठी सेकंदाला २५ मीटरच्या आसपास वेग वापरतात; मुठीच्या मालाला ५ ते १० मीटर भरपूर झाला. एका जागी तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त धरू नये आणि दर फेरीनंतर बोटाने पिनेला हात लावून बघावा. पिन हा खरा तापमापक. धातू उष्णता आत पोचवतो आणि खोलीच्या तापमानाला घट्ट होणारी बरीचशी इपॉक्सी ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतात. पिनेवर बोट ठेववत नसेल तर तुम्ही त्या मर्यादेच्या जवळ पोचला आहात. महिनाभराने पट्टी आणि टँग यांच्यात केसाएवढी फट दिसली की दोष सहसा इपॉक्सीला दिला जातो. बऱ्याचदा ती बेल्टवरच सुटलेली असते.

जी-१० बेल्ट फार लवकर बोथट करतं. दाणा काचेपेक्षा कठीणच असतो, तरी सततच्या घर्षणाने त्याच्या धारदार कडा गोल होतात. बोथट बेल्ट कापत नाही, घासतो आणि तापवतो. आणि तापलं की आपण आणखी जोराने दाबतो! इथे काटकसर करू नये. सिरॅमिक दाण्याचे बेल्ट जास्त टिकतात. मायकार्टात अडचण वेगळी: राळेची भुकटी दाण्यांच्या फटीत भरते आणि पेपर गुळगुळीत होतो. बेल्ट साफ करायचा रबरी ठोकळा चालू बेल्टवर अधूनमधून लावला की तो पुन्हा कापू लागतो.

हाताने घासणं

मुठीचं रूप ठरतं ते इथे, आणि घाईही सगळ्यात जास्त इथेच होते.

पेपर कोणता? कोरडं घासायला १२० ते २२० पर्यंत कापडी पाठीचा ॲल्युमिनियम ऑक्साइड, त्यापुढे काळा वॉटर पेपर, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. आकड्याआधीचं अक्षर मात्र वाचा. ‘पी’ लिहिलेला पेपर युरोपीय मापाचा, नुसता आकडा असेल तर बहुधा अमेरिकी मापाचा. खालच्या नंबरांत दोन्ही जवळपास सारखे, वर गेल्यावर फाटत जातात. पी ६००चा दाणा सरासरी २६ मायक्रॉनचा, तर अमेरिकी ६००चा साधारण १६ मायक्रॉनचा. म्हणजे तो जवळजवळ पी १२०० इतका बारीक. दोन तऱ्हा मिसळल्या की मधली एक पायरी नकळत गळते आणि ‘१००० पर्यंत गेलो तरी चरे दिसतातच’ अशी तक्रार सुरू होते. पुढे दिलेले आकडे ‘पी’ मापाचे आहेत.

क्रम: १२०, २२०, ४००, ६००. चमक हवी असेल तर पुढे ८००, १०००, १५००, २०००. आकडा साधारण दुपटीच्या पुढे उडी मारू नये. ४००च्या पेपरने १२०चा चरा काढता येतो, नाही असं नाही. पण वेळ कितीतरी जास्त लागतो आणि मधेच कंटाळून माणूस पुढचा पेपर उचलतो. उलट २२० नीट झालं असेल तर त्यानंतरचा प्रत्येक नंबर काही मिनिटांचं काम असतं. एकूण वेळातला निम्म्याहून जास्त वेळ १२० आणि २२०वर जायला हवा. ज्याची मूठ ८००वर अडते, त्याची चूक बहुतेक वेळा २२०वर झालेली असते.

२३० बाय २८० मिलिमीटरच्या तावाच्या २५ मिलिमीटर रुंद पट्ट्या कापल्या तर अकरा निघतात. सपाट भागासाठी पेपरमागे कडक काहीतरी हवं: लाकडाचा ठोकळा, कडक रबर, जाड चामडं. नुसत्या बोटाने घासू नये. बोट मऊ; पिनेच्या कडेचा मऊ माल ते जास्त दाबतं, कठीण पिन मात्र आहे तिथेच राहते. थोड्या वेळाने पिन उंचवट्यासारखी हाताला लागते आणि तिच्याभोवती उथळ खळगी पडते. पितळी पिनेपेक्षा स्टीलच्या पिनेला हा प्रकार जास्त. हाच न्याय धाग्याला आणि राळेलाही लागू आहे: मऊ पाठीमुळे कापडाची वीण वरखाली होते आणि पॉलिशनंतर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो.

गोलाईवर कापडी पट्टी बूट पॉलिशच्या फडक्यासारखी दोन्ही हातांनी मागेपुढे ओढावी. गोलाई सुरेख जमते, पण चरे मुठीच्या भोवती आडवे पडतात. म्हणून प्रत्येक नंबरवर दिशा बदलायची: १२० आडवा, २२० उभा, ४०० तिरपा. नव्या दिशेचे चरे पडत असताना जुन्या दिशेचा एकही दिसेनासा झाला की तो नंबर संपला. शेवटचा नंबर मात्र कायम मुठीच्या लांबीला समांतर, एकाच दिशेने, उचलून उचलून. डोळ्याला लांबीतले चरे कमी खुपतात.

ते दिसावेत म्हणून दोन उपाय. एक, दिवा डोक्यावर नको, बाजूला आणि खाली ठेवा. तिरपा उजेड चऱ्याची सावली पाडतो. दोन, स्पिरिटने पुसा. ओली मूठ तयार मुठीसारखी दिसते, आणि स्पिरिट उडताना खोल चऱ्यात क्षणभर जास्त टिकतं, तेवढ्यात तो चरा दिसतो. दर नंबरनंतर असं पुसण्याचा आणखी एक फायदा म्हणजे आधीच्या पेपरचा सुटलेला एखादा जाड दाणा निघून जातो. २२०चा एकच दाणा ८००च्या पेपरखाली अडकला तर नागमोडी ओरखडा काढतो आणि पुन्हा तीन पायऱ्या मागे जावं लागतं.

ओलं घासायचं तर पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब टाकावा. पेपर भरत नाही, धूळ उडत नाही, माल तापत नाही. जी-१० आणि कार्बन फायबरला ४००पासून पुढे हे उत्तमच. लगदा वाळायच्या आत पुसून टाका, वाळला की तो पुन्हा धूळच. सुती मायकार्टाला मात्र पाणी जपून. तो पाणी पितो. ओलं घासलंत तर एक दिवस सुकू द्या, उठलेली लव पाहा आणि त्याच नंबरने कोरडा हलका हात फिरवा. सुतारकामात शेवटच्या पेपरआधी लाकूड मुद्दाम ओलं करून लव उठवतात, तीच युक्ती. पातं कार्बन स्टीलचं असेल तर चिकटपट्टीखाली पाणी अडकून रात्रीत गंज धरतो. ओल्या कामानंतर गुंडाळी काढून पातं कोरडं करून तेल लावावं.

फिकट मायकार्टावर धातूच्या पिना असतील तर धातूची काळपट भुकटी विणीत शिरून पिनेमागे शेपटी उमटते. ताजा पेपर, हलका दाब आणि पिनेकडून बाहेर ओढण्याऐवजी पिनेच्या बाजूने लांबीत घासणं, एवढ्याने बहुतेक भागतं. उमटलेली शेपटी स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशने निघते, खोल गेली असेल तर निघत नाही. पट्टीखाली लाल पातळ अस्तर लावलं असेल तर लाल भुकटीचंही तसंच.

कुठे थांबायचं

कॅनव्हास मायकार्टा ४००वर थांबवावा, काम करायच्या सुरीला तर २२०सुद्धा चालेल. वर सांगितलेली लव इथे दोष नाही, गुण आहे: ओल्या हातात तीच पकड देते. कॅनव्हासवर आरसा काढायची धडपड म्हणजे मालाच्या स्वभावाशी भांडण. तलम कापडाचा मायकार्टा ६०० ते ८००ला छान दिसतो, वीण बारीक दिसते आणि हाताला रेशमी लागते. कागदी मायकार्टा मात्र चमक मनापासून घेतो. त्याच्यात विणलेला धागा नाही, कागदाचे तंतू राळेत पूर्ण मुरलेले असतात. २००० पर्यंत नेऊन बफ केला तर हाडाच्या किंवा हस्तिदंती वस्तूसारखी ऊबदार झाक येते.

जी-१०ला मधलं काही शोभत नाही. एकतर ४००वर एकसारखा मंद पोत ठेवा, नाहीतर थेट २०००च्या पुढे जाऊन चमक आणा. ८००-१०००च्या आसपास काळा जी-१० धड काळाही नसतो आणि धड पोतदारही नसतो. तेल चोळलं की काळा दिसतो, कारण तेल चऱ्यांत भरून उजेडाचं विखुरणं थांबवतं; दोनचार दिवसांच्या वापरात तेल गेलं की राखाडी रंग परत येतो. ग्राहकाला देताना तेल लावून चकाकवलेला जी-१० म्हणजे थोडी फसवणूकच.

कार्बन फायबरचं सौंदर्य विणीच्या आत उजेड शिरण्यात असतं, म्हणून ते कमीत कमी २०००. घासताना वीण कापली जाते हे लक्षात असू द्या: विणलेल्या पत्र्यावर गोलाई जितकी जास्त, तितकी चौकडी विरून नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखी वलयं दिसू लागतात. दोन्ही बाजूंची वलयं सारखी नसली तर मूठ एका बाजूला जास्त घासली गेली आहे, असा तो पुरावाच. थर दोन रंगांचे असलेल्या जी-१०वरही ही वलयं पाहून समतोल तपासता येतो.

बफ

आधी धोक्याचं. सुरीच्या कामात बफ हे सगळ्यात धोकादायक यंत्र आहे. बेल्ट सुरी हातातून ओढतो; बफ तिला पकडून भिरकावतो. चाक वरून तुमच्याकडे, मग खाली असं फिरत असेल तर काम चाकाच्या मध्यरेषेच्या खालीच टेकवायचं, आणि चाक कामाच्या कडेवरून बाहेर सरकलं पाहिजे, कडेवर चढता कामा नये. पात्याचं टोक किंवा मुठीचं वळलेलं टोक चाकासमोर कधीही येऊ देऊ नये. चाकाच्या रेषेत पाय ठेवू नयेत.

१५० मिलिमीटरचं चाक मिनिटाला १४५० फेऱ्यांनी फिरलं तर कडेचा वेग सेकंदाला ११ मीटरच्या आसपास पडतो. तेवढा पुरे. २८५० फेऱ्यांची मोटर वेग दुप्पट करते आणि मुठीचा माल करपवते. कॅनव्हास करपला की तपकिरी डाग पडतो. तो वरवरचा नसतो, २२०पासून पुन्हा घासल्यावरच जातो.

सैल, न शिवलेलं सुती चाक घ्या. कडक शिवलेलं चाक पिनेभोवतीचा मऊ माल उकरतं. पांढरा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा बफिंग साबण बहुतेक कामांना चालतो. हिरव्या क्रोमियम ऑक्साइडचा दाणा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचा, तो त्यानंतर. प्रत्येक साबणाला वेगळं चाक, आणि पोलादाला वापरलेलं चाक मुठीला कधीच नाही. साबण चालू चाकावर एक-दोन सेकंद टेकवला की झालं. जास्त लावला तर चाक कापत नाही, फक्त मेण माखतं, आणि ते मेण विणीत बसतं. काळ्या कॅनव्हासवर पांढरे ठिपके दिसले की ते हेच. कोमट पाणी, साबण आणि टूथब्रशने ते निघतात. त्यापेक्षा काळ्या मालाला काळा किंवा गडद रंगाचा साबण वापरणं सोपं.

बफ चरे घालवत नाही. ६००चे चरे तो फक्त चकचकीत करतो, आणि चकचकीत चरा मंद चऱ्यापेक्षा जास्त दिसतो.

तेल, सुपरग्लू आणि नंतर

कोरडा घासलेला मायकार्टा फिका, धुरकट दिसतो. मिनरल ऑइलचे दोन थेंब चोळून दहा मिनिटांनी पुसले की रंग खुलतो. वापरात हाताच्या तेलाने तो आपोआप गडद होत जातो. फिनॉलिक राळ स्वतःही उजेडाने पिवळसर-तपकिरी होते, त्यामुळे फिकट कापडाची मूठ कायम फिकट राहील असं कोणाला सांगू नये. उकळलेलं जवसाचं तेल वापरलं तर त्याची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती तापतात आणि स्वतःहून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

पाण्यात सतत राहणाऱ्या, पण गुळगुळीतच हव्या असलेल्या कॅनव्हासच्या मुठीला पातळ सुपरग्लू लावतात. ४००वर घासून, स्पिरिटने पुसून, पूर्ण सुकवून एक पातळ हात द्यायचा, तो धाग्यात मुरतो. सुकल्यावर ४००ने पुन्हा उघड्या मालापर्यंत घासायचं, म्हणजे सुपरग्लू फक्त धाग्यांत आणि फटींत उरतो, वर थर राहत नाही. दोन हात दिले तर लव जवळपास थांबते. वर जाड थर ठेवला तर तो काही महिन्यांत कडेने सोलतो आणि मूठ प्लास्टिकची वाटू लागते. सुपरग्लूची वाफ डोळ्यांना झोंबते आणि सुती फडक्यावर तो भराभर तापतो, चटका बसण्याइतका. पसरायला प्लास्टिकची पिशवी बोटाला गुंडाळून वापरा. जी-१०ला यातलं काहीच लागत नाही. पाणी आणि साबणाने धुवायचं, वापरून गुळगुळीत झालेला पोत परत हवा असेल तर ४००चा वॉटर पेपर ओला करून लांबीत वीसेक वेळा फिरवायचा.